पाण्यातलं विष आधी कोणाला बाधतं, ते मोजायचं कसं

ओहोटी लागली होती. ऐरोलीच्या दिवागावाजवळ खाडीच्या चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या. मी सोबतच्या कोळी काकांना म्हटलं, "काका, निवट्या भरपूर आहेत की. म्हणजे पाणी बरं असणार." चिखलातून पाय काढता काढता ते म्हणाले, "निवटीचं काय सांगता सर, ती कशातपन जगंल. करंदी दाखवा मना."

या लेखात पुढे जे काही सांगणार आहे, त्याचं मूळ काकांच्या त्या दोन वाक्यांत आहे. निवटी ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून थेट हवेतला प्राणवायू घेते. पाण्यातला प्राणवायू संपला तरी तिचं फारसं अडत नाही. करंदीला, म्हणजे लहान कोळंबीला, ती सोय नाही. म्हणजे पाणी तेच, पण दोन जीवांची साक्ष वेगळी. म्हणून "हे पाणी विषारी आहे का?" हा प्रश्न अर्धाच आहे. कोणासाठी, किती प्रमाणात आणि किती वेळात, हे जोडलं की तो पुरा होतो.

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांतले प्राणिशास्त्राचे शिक्षक, पर्यावरणाचे विद्यार्थी आणि खाडीकाठी काम करणारे गट यांच्यासाठी ही रीत लिहितो आहे. साधी प्रयोगशाळा, एक पीएच मीटर, प्राणवायू मोजायचं किट आणि पुष्कळ चिकाटी असली की सुरुवात करता येते.

कोणत्या जीवांना विचारायचं

आपल्याकडे सगळ्यात सहज मिळणारा मासा म्हणजे गप्पी. डासांच्या अळ्या खातो म्हणून महापालिका तो डबक्यांत सोडतात. पण गटाराच्या पाण्यातही तगून राहतो, म्हणूनच तर त्याची या कामासाठी निवड झाली. अशा माशाला पाण्याबद्दल विचारलं तर तो बहुतेक वेळा "ठीक आहे" असंच सांगणार. आपल्या पर्यावरण नियमांतल्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकातही माशाचीच चाचणी आहे: शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. मानक असणं चांगलंच आहे. पण मासा चार दिवस जिवंत राहिला एवढ्यावरून त्या पाण्यात करंदीची पिल्लं वाढतील की नाही, हे कळत नाही.

जगभर निदान तीन पायऱ्यांवरचे जीव घेतात. अन्न तयार करणारं शेवाळ किंवा डकवीड (पाण्यावर तरंगणारी बारीक पानांची वनस्पती), ते खाणारा कवचधारी जीव आणि मासा. प्रत्येकाचा कमकुवतपणा वेगळा असतो. तणनाशकांचा फटका आधी शेवाळाला आणि डकवीडला बसतो, कारण त्यांतली बरीचशी प्रकाशसंश्लेषणच अडवतात. क्लोरपायरिफॉससारखी फॉस्फरसयुक्त कीटकनाशकं पाणपिसवांना, म्हणजे गोड्या पाण्यातल्या जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी जीवांना, एका लिटरमागे एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी प्रमाणात मारतात. कीटकांसाठी बनवलेलं विष कीटकांच्या जलचर भाऊबंदांना लागणारच. अमोनियाचा त्रास माशांना फार होतो. तांबं पाणपिसवांना आणि गोगलगायींना जड जातं.

शिवल्या, तिसऱ्या यांच्यासारखे शिंपलेवाले जीव घ्यायचे असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पाण्यात काही वाईट आलं की ते शिंपले घट्ट मिटून बसतात. दोन दिवसांच्या चाचणीत त्यांना काहीच झालं नाही असं वाटतं, कारण विष त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

परदेशी पुस्तकांत पाणपिसवांमधली डॅफ्निया मॅग्ना सगळीकडे दिसते. ती थंड प्रदेशातली, तिची प्रमाणित चाचणी १८ ते २२ अंश तापमानाला होते. ठाण्याच्या मे महिन्यात एवढं तापमान राखायला चोवीस तास एसी लागेल. त्यापेक्षा आपल्या तळ्यांतली मोइना घ्यावी, असं माझं मत आहे. मत्स्यालयवाले पिल्लांना खाऊ म्हणून तिचं जिवंत बियाणं विकतात. २५ ते २८ अंशांत ती सुखानं वाढते. चाचणीचा सांगाडा डॅफ्नियाचाच ठेवायचा, जीव आपल्याकडचा.

मोइना वाढवणं, म्हणजे अर्धी लढाई

वीस-पंचवीस लिटरचा टब घ्या. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून, हवा मारून क्लोरीन घालवा, आणि घाईत असाल तर सोडियम थायोसल्फेटचा अगदी थोडा वापर करा. पाण्याची कठीणता, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियमसारख्या क्षारांचं प्रमाण, मोजून वहीत लिहा. आपल्याकडे धरणांत साठतं ते पावसाचं पाणी, मोरबे धरणाचंही तसंच, त्यामुळे पाणी मृदू असण्याची शक्यता जास्त. मृदू पाण्यात धातू जास्त विषारी ठरतात. कठीण पाण्यातला कॅल्शियम कल्ल्यांवरच्या जागा आधीच अडवून बसतो, मृदू पाण्यात तो आडोसा नसतो. म्हणून परदेशी तक्त्यातला तांब्याचा आकडा उचलून आपल्या पाण्याला लावू नका. तो कोणत्या कठीणतेला काढला आहे, हे आधी बघा.

खाऊ म्हणून हिरवं पाणी, ते नसेल तर चिमूटभर यीस्ट. पाणी किंचित गढूळ दिसेल इतकंच घाला. जास्त झालं की प्राणवायू संपतो आणि सकाळी टबाच्या तळाशी पांढरा थर दिसतो. पिल्लू चार-पाच दिवसांत आई होतं. टबात नर दिसायला लागले, किंवा माद्यांच्या पाठीवर गडद रंगाची, खोगिरासारखी विश्रांतीची अंडी दिसली, तर वसाहत ताणाखाली आहे असं समजा. तिच्यातली पिल्लं चाचणीला घेऊ नका. आठवडाभर थांबा.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी पोटात पिल्लं दिसणाऱ्या माद्या रुंद तोंडाच्या ड्रॉपरनं वेगळ्या काढा. सकाळी त्या भांड्यात जी पिल्लं असतील ती सगळी चोवीस तासांच्या आतली. सगळी एका वयाची असणं फार महत्त्वाचं, कारण लहान पिल्लू मोठ्यापेक्षा हळवं असतं.

आमच्या एका फेरीत नियंत्रण बीकरमधली, म्हणजे नुसत्या स्वच्छ पाण्यातली पिल्लं सगळीच्या सगळी मेली. पाणी बदललं, बीकर आम्लानं धुतले, नवं बियाणं आणलं, पण पुन्हा तेच. मग एका विद्यार्थिनीचं लक्ष भिंतीवरच्या सॉकेटकडे गेलं. रात्री तिथं डास पळवणारं द्रव्याचं मशीन लावलं जात होतं. त्यातलं पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक हवेतून पाण्यावर बसतं आणि पाणपिसवांना ते अतिशय घातक आहे. मशीन काढलं, खोली दोन दिवस उघडी ठेवली, बीकर झाकले, आणि नियंत्रणातली पिल्लं जगली. तेव्हापासून आमचा नियम असा: चाचणीच्या खोलीत अगरबत्ती नाही, मच्छर कॉइल नाही, आणि गल्लीत धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या बंद.

विषाची मापं

पहिल्यांदा खरं विष घेऊच नका. शुद्ध सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठ घ्या. पाणपिसवांच्या चाचणीत संदर्भ विष म्हणून, म्हणजे चाचणी नीट होते का ते पडताळायला, ते सर्रास वापरतात. हाताळायला सुरक्षित आणि हात बसायला उत्तम. खायचं आयोडीनयुक्त मीठ मात्र नको.

हात बसला की मोरचूद. इथं एक चूक बहुतेक सगळे करतात. मोरचूदाचं वजन म्हणजे तांब्याचं वजन नव्हे. पाच पाण्याच्या रेणूंसकट असलेल्या कॉपर सल्फेटमध्ये तांबं साधारण २५.५ टक्केच. एका लिटर शुद्ध पाण्यात ३.९३ ग्रॅम मोरचूद विरघळवलं की तांब्याची संहती, म्हणजे पाण्यातलं प्रमाण, लिटरला १,००० मिलिग्रॅम होते. त्यातलं १ मिलिलिटर १ लिटरमध्ये घातलं की १ मिलिग्रॅम, म्हणजेच १,००० मायक्रोग्रॅम. त्यातून पुढची पातळ द्रावणं करायची.

आधी ढोबळ फेरी घ्या. दहापट फरकाच्या चार-पाच संहती, प्रत्येकीत पाच पिल्लं, चोवीस तास. कुठे सगळी जगतात आणि कुठे सगळी मरतात, ते कळलं की खरी चाचणी त्या दोन टोकांच्या मधे बसवायची. तिथे दोन शेजारच्या संहतींत दुपटीचा फरक ठेवा. प्रमाणित पद्धतीत तो २.२ पटीपेक्षा जास्त चालत नाही.

प्रत्यक्ष चाचणी

पाच संहती आणि एक नियंत्रण. प्रत्येकीची चार भांडी, प्रत्येक भांड्यात पाच पिल्लं, म्हणजे एका संहतीला वीस. एका पिल्लाला निदान २ मिलिलिटर पाणी. भांड्यांवर संहती लिहू नका. सांकेतिक आकडे टाका आणि यादी दुसऱ्याकडे ठेवा. "हे तर जास्त विषाचं भांडं" असं माहीत असलं की डोळा मेलेलंच शोधतो, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिलं आहे.

पिल्लू सोडताना ड्रॉपरचं टोक पाण्याच्या आत न्या आणि मग हळूच सोडा. वरून थेंब टाकला तर कवचाखाली हवा अडकते, पिल्लू पृष्ठभागावर तरंगत राहतं आणि विषाशिवायच मरतं. चाचणीच्या अठ्ठेचाळीस तासांत खाऊ द्यायचा नाही. सोळा तास उजेड, आठ तास अंधार. तापमान २५ अंशांच्या आसपास, एका अंशापेक्षा जास्त हललं नाही पाहिजे. आमच्याकडे वीज गेली की भांडी पाण्याच्या ट्रेमध्ये आणि ट्रे थर्मोकोलच्या खोक्यात ठेवतो. ते पुरतं.

चोवीस तासांनी आणि अठ्ठेचाळीस तासांनी मोजा. भांडं हलकेच हलवा, पंधरा सेकंद बघा. या वेळात जे पोहलं नाही ते निश्चल धरायचं. पाणपिसवा मेली की नाही हे नक्की सांगणं कठीण असतं, म्हणून मृत्यूऐवजी निश्चलता मोजतात, आणि त्यावरून निघणाऱ्या आकड्याला एलसी-५० (निम्मे जीव मारणारी संहती) न म्हणता ईसी-५० म्हणतात. निम्म्या जीवांना अठ्ठेचाळीस तासांत निश्चल करणारी संहती, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा जितका लहान, तितका जीव हळवा.

नियंत्रणात दहा टक्क्यांपेक्षा जास्त पिल्लं निश्चल झाली, किंवा शेवटी पाण्यातला प्राणवायू लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला, तर चाचणी रद्द. आपला जीव कितीही कासावीस झाला तरी रद्दच करायची.

आकडेमोड

समजायला काही आकडे घेऊ. तांबं लिटरला १०, २०, ४०, ८०, १६० मायक्रोग्रॅम आणि विसांपैकी निश्चल अनुक्रमे ०, ३, ९, १७, २०. म्हणजे ४० ला ४५ टक्के आणि ८० ला ८५ टक्के. पन्नास टक्के या दोहोंच्या मधे. संहती लॉगरिदमच्या पट्टीवर वाढत असल्यामुळे सरळ सरासरी न काढता लॉगवर जागा शोधायची: पन्नास वजा पंचेचाळीस, भागिले चाळीस, म्हणजे ०.१२५. चाळीसला दोनाच्या ०.१२५ घातानं गुणलं की साधारण ४४ येतात. स्पिअरमन-कार्बर या दुसऱ्या पद्धतीनं याच आकड्यांवरून उत्तर ४१ च्या आसपास येतं. दोन्ही उत्तरं जवळ आली की मनाला धीर येतो. ती दूर गेली तर मधल्या संहती नीट बसल्या नव्हत्या असं समजा. विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मधे असण्याची शक्यता आहे ती टोकं, मात्र जरूर काढा. एकुलत्या एका आकड्यावर कोणीही विश्वास ठेवू नये.

डकवीडचं गणित वेगळं, कारण तिथं मरण नाही तर वाढ मोजायची असते. बारा पानं टाकली आणि सात दिवसांनी नियंत्रणात चौऱ्याऐंशी झाली, म्हणजे सातपट. सातचा नैसर्गिक लॉग १.९४६, भागिले सात दिवस, वाढीचा दर ०.२७८. विषाच्या भांड्यात छत्तीसच झाली तर दर ०.१५७, म्हणजे वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी खुंटली. नियंत्रणच सात दिवसांत सातपट झालं नाही, तर आधी तुमचं खतपाणी आणि उजेड तपासा.

माशांसाठी ९६ तासांची चाचणी असते, पण ती मनात आलं की लावायची गोष्ट नाही. संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी लागते आणि लागावीच. आकडा मिळवण्यासाठी आपण जीवाला त्रास देतो आहोत, याचं भान सुटता कामा नये. शक्य असेल तिथं झेब्राफिशच्या अंड्यांतल्या गर्भांवरची ९६ तासांची चाचणी घ्या.

अनेक जीवांची एक रेषा

आता मूळ प्रश्न. एकाच विषासाठी वेगवेगळ्या जीवांचे आकडे हातात आले, काही तुमचे, काही प्रसिद्ध झालेले पण सारख्या कठीणतेच्या पाण्यातले. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडा. प्रत्येकाच्या क्रमांकातून अर्धा वजा करून एकूण संख्येनं भागा. दहा जीव असतील तर पहिल्याचा वाटा ०.०५, दुसऱ्याचा ०.१५, असं पुढे. आडव्या अक्षावर संहतीचा लॉग, उभ्या अक्षावर हा वाटा. इंग्रजी एस अक्षरासारखी वळणदार रेषा मिळते. तिला प्रजाती-संवेदनशीलता वितरण म्हणतात.

या रेषेचं खालचं टोक आपल्याला हवं असतं. पाच टक्के प्रजातींना बाधणारी संहती, म्हणजे एचसी-५. लॉगची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत त्याचं माप) काढा. सरासरीतून विचलनाच्या १.६४५ पट वजा करा. लॉगची सरासरी २.३ आणि विचलन ०.६ असेल तर उरतं १.३१, म्हणजे लिटरला सुमारे २० मायक्रोग्रॅम. मधल्या जीवाचा आकडा २०० असताना हळव्यांची हद्द २० ला येते, हे बघितलं की गप्पीच्या भरवशावर राहण्यातला धोका दिसतो.

त्यातही माणसांनी सावधगिरी म्हणून एचसी-५ ला एक ते पाच यांतल्या आकड्यानं भागायची पद्धत ठेवली आहे. रेषा काढायला युरोपीय पद्धतीत निदान दहा प्रजाती आणि आठ वेगवेगळे गट लागतात. तीनच जीवांचे तात्कालिक आकडे असतील तर रेषा काढू नका. सगळ्यात हळव्याच्या आकड्याला १,००० नं भागून सुरक्षित संहती धरतात. विद्यार्थ्यांना हा आकडा अतिरेकी वाटतो. पण दोन दिवसांतला मृत्यू आणि आयुष्यभराची खुरटलेली वाढ, प्रयोगशाळा आणि खाडी, तीन प्रजाती आणि शेकडो प्रजाती, ही सगळी दरी त्या एका भागाकारात भरायची असते.

नाल्याचं पाणी आणलं तर

एकाच रसायनाची चाचणी सोपी. टीटीसी किंवा तळोजा या औद्योगिक पट्ट्यांतल्या नाल्याचं पाणी म्हणजे अनेक गोष्टींचं मिश्रण. काचेची बाटली काठोकाठ भरा, हवेची पोकळी ठेवू नका, बर्फाच्या पेटीत आणा आणि छत्तीस तासांच्या आत चाचणी लावा. इथं संहतीऐवजी टक्के: १००, ५०, २५, १२.५, ६.२५. शंभरला एलसी-५० च्या टक्क्यानं भागलं की विषारी एककं मिळतात. पंचवीस टक्क्यांना निम्मे जीव मेले तर चार एककं.

खाडीजवळचा नमुना असेल तर आधी खारटपणा मोजा. भरतीचं पाणी नाल्यात शिरलेलं असतं आणि गोड्या पाण्यातली मोइना नुसत्या मिठानंही मरते. तेवढंच मीठ घातलेलं स्वच्छ पाणी हे दुसरं नियंत्रण म्हणून लावाच. खऱ्या खाऱ्या पाण्यासाठी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या छोट्या कवचधारी जीवाची अंडी मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात, एक-दोन दिवसांत उबतात, पण आर्टेमिया स्वभावतः चिवट. ती जगली म्हणून खाडीला प्रमाणपत्र देऊ नका.

अमोनियाचा एक खेळ फार फसवतो. एकूण अमोनियातला खरा विषारी भाग पीएचवर अवलंबून असतो: २५ अंशांना पीएच ७ असेल तर जेमतेम ०.६ टक्का, ८ असेल तर पाच टक्क्यांच्या पुढे, ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. सांडपाणी रात्रभर उघड्या बीकरमध्ये राहिलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप चढतो. संध्याकाळी ठीक दिसणारं पाणी सकाळी मारक होतं. म्हणून पीएच रोज दोनदा लिहा.

दोषी कोण, हे शोधायला नमुन्याचे चार वाटे करा. एकात थोडं ईडीटीए घाला. ते धातूंना जखडून टाकतं. एकात सोडियम थायोसल्फेट, क्लोरीनसाठी. एक वाटा झिओलाइटमधून गाळा, तो अमोनिया पकडतो. चौथा तसाच. ज्या वाट्यात मोइना जगायला लागली, त्या वाट्यानं जे काढून घेतलं तिथं बोट ठेवायचं. ईडीटीए स्वतःही जास्त झालं तर मारतं, म्हणून स्वच्छ पाण्यात तेवढंच घालून एक नियंत्रण हवंच.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळी फेरी घ्या. पावसात खाडीचं वरचं टोक जवळजवळ गोडं होतं, एप्रिल-मेमध्ये समुद्रासारखं खारं. एका मोसमाचा आकडा दुसऱ्याला चालत नाही. आणि ठाणे खाडीचा जो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, तिथून करंदी काय किंवा चिखलाचा डबा काय, वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका.

उरलेली तांब्याची द्रावणं बेसिनमध्ये ओतायची नाहीत. बंद कॅनमध्ये नाव आणि तारीख लिहून साठवा आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे द्या. उरलेले गप्पी मासुंदा किंवा उपवन तलावात सोडू नका. ते बाहेरून आणलेले मासे आहेत, तिथल्या लहान माशांची जागा खातात. मोइनाचा टब मात्र चालू ठेवा, आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला, आणि दर महिन्याला मिठाची एक चाचणी लावून ईसी-५० भिंतीवरच्या तक्त्यावर लिहा. तो आकडा अचानक वर किंवा खाली सरकला, तर नाल्याबद्दल काही बोलण्याआधी आपला टब तपासा.